ब्युनोस आयर्समधला मलिदा

परवा रविवारी ग्रोसरीच्या दुकानात दुधाच्या फ्रीजकडे जाताना मला अनंताचा वास आला. बाहेर श्वास गोठवणारी थंडी, पार्किंगमध्ये रस्त्यावरच्या मिठाने पांढऱ्या पडलेल्या गाड्या, आणि आत बटाट्यांच्या पिशव्यांशेजारी एका लहानशा कुंडीत अनंताचं एकच फूल उमललेलं. पप्पा कार्ट ढकलत पुढे गेले होते. ते मागे आले, कुंडीवर वाकले आणि म्हणाले, "हा त्या तिथला."

त्या तिथला म्हणजे कुठला, ते मला विचारावं लागलं नाही. अनंत खरा आमच्या अलिबागकडचा. पप्पांच्या लहानपणी विहिरीजवळ त्याचं झाड होतं म्हणे. पण आम्हा दोघांच्या लेखी तो आता कायमचा ब्युनोस आयर्सचा झालाय. मी कुंडी कार्टमध्ये ठेवली आणि दूध घ्यायचं साफ विसरले.

काही वर्षांपूर्वी आम्ही तिथे एक अख्खा नोव्हेंबर राहिलो. मला ऑफिसने पाठवलं होतं, आणि मम्मी जाऊन वर्षही झालं नसताना पप्पांना टोरांटोच्या कॉन्डोत एकटं ठेवायची माझी हिंमत नव्हती. "चला माझ्याबरोबर" म्हटल्यावर त्यांनी कुठे, कशाला, किती दिवस, काही म्हणता काही विचारलं नाही. एरवी डेंटिस्टकडे न्यायचं तरी शंभर प्रश्न विचारणारा माणूस. त्यांचं ते न विचारणंच मला लागलं.

निघालो तेव्हा टोरांटोत पहिला बर्फ पडून गेला होता. उतरलो तर वसंत. जॅकरांडाची झाडं इतकी फुललेली की आभाळ निळं की जांभळं ते कळू नये. फुटपाथवर फुलांचा खच, उभ्या गाड्यांच्या टपांवर फुलं, बाकावर पेपर वाचणाऱ्या आजोबांच्या टोपीवर फुलं. पप्पा हातावर विंटर जॅकेट टाकून उभे होते आणि त्या जॅकेटवरही दोन फुलं पडली. त्यांनी ती झटकली नाहीत. जॅकेट जपून धरून तसेच घरापर्यंत चालत आले.

घर म्हणजे जुन्या इमारतीतला भाड्याचा छोटा फ्लॅट. लिफ्टला लोखंडी जाळीचं सरकतं दार होतं, ते ओढताना खडखड वाजायचं, आणि पितळी बटणं रोज पुसून चकचकीत केलेली असायची. आमच्या दाराच्या चौकटीवर आधीच्या कुणा भाडेकरूची मझुझा अजून ठोकलेली होती. मझुझा म्हणजे आम्हा ज्यू लोकांच्या दाराशी लावतात ती प्रार्थनेची डबी. पप्पांचा हात आपसूक तिच्याकडे गेला, त्यांनी तिला शिवून बोटं ओठांना लावली, आणि समोरच्या दारातून एक उंच, पिकल्या केसांची बाई आमच्याकडे बघतच राहिली.

ती राकेल. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेली, त्यामुळे आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं. तिचा पहिला प्रश्न नेहमीचाच होता: भारतातले, आणि ज्यू? हा प्रश्न आला की पूर्वी पप्पांची कळी खुलायची. कोकणच्या किनाऱ्याला फुटलेलं गलबत, नवगावला वाचलेली माणसं, त्यांनी चालवलेले तेलाचे घाणे, शनिवारी घाणा बंद म्हणून गावाने दिलेलं 'शनवार तेली' हे नाव, असं सगळं ते रंगवून सांगायचे. त्या दिवशी मात्र "येस, फ्रॉम इंडिया" एवढं म्हणून आत गेले. उरलेली गोष्ट मीच सांगितली, आणि गलबत फुटतं तिथे मी गडबडले, कारण तो भाग पप्पांचा.

आता नवसाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मलिदा म्हटलं की लोकांना पुढाऱ्यांनी खायची गोष्ट आठवते. आम्हा बेने इस्राएलांचा मलिदा वेगळा. भिजवलेले पोहे, ओल्या नारळाचा चव, साखर, वेलची. ताटात त्याची रास, भोवती फळं, वर गुलाब आणि सब्जाची डहाळी. नवस फेडायचा असला, घरात काही बरं झालं, की एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या, नावाने हे ताट मांडायचं आणि सगळ्यांनी मिळून त्याचं हिब्रू गाणं म्हणायचं. टोरांटोत आमची मोजकीच घरं. कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमायचो, पप्पा गाणं उचलायचे आणि मम्मी चुका काढायची. कुणाची चाल जरा घसरली की ती गाणं थांबवायची. "रेवदंड्याला असं म्हणत नाहीत," एवढं ती म्हणाली की पाहुणा असो, जावई असो, पुन्हा पहिल्यापासून.

मम्मी जायच्या आधी, हॉस्पिटलमध्ये, तिने मला जवळ बोलावलं. "मी नवस बोललेय," ती म्हणाली. "माझ्यामागे तुझे पप्पा पुन्हा एलियाहूचं गाणं म्हणाले, की मलिदा कर. पण त्यांना सांगायचं नाही हं. सांगून गायले तर काय उपयोग?"

आणि पप्पा गायचे थांबले. नुसतं एलियाहूचं नव्हे, दाढी करतानाची गुणगुणसुद्धा थांबली. बेसमेंटमधल्या जमण्यांना यायचे, कोपऱ्यात बसायचे, प्लेट घेऊन लवकर निघायचे. नवस तर बोललेला, फेडायचं माझ्याकडे, आणि घोडं पेंड खात होतं ते पप्पांच्या गळ्यापाशी. ते गायचे राहिले असते तर मम्मीचं शेवटचं मागणं तसंच हवेत राहिलं असतं. तो सबंध नोव्हेंबर मी शहर बघत होते हे खरं, पण एक कान कायम पप्पांकडे होता.

आणि शहर काय होतं. सकाळी उठून बाल्कनीत यावं तर खाली इमारतीइमारतींचे रखवालदार पाइप घेऊन फुटपाथ धूत असायचे. ओल्या दगडाचा तो वास, मागून कोपऱ्यावरच्या बेकरीतल्या लोण्याचा, त्यात कॉफी. पप्पा म्हणाले, "सडा घालतात गं." गेल्या कित्येक महिन्यांत त्यांनी आपणहून काढलेलं ते पहिलं वाक्य. मी कॉफी घेऊन त्यांच्याशेजारी जाऊन बसले आणि मग रोजच बसायला लागले. खाली दोन ओळखीची माणसं भेटली की गालाला गाल लावायची. पुरुष पुरुषांनासुद्धा. पोस्टमन आणि रखवालदारसुद्धा. पप्पा ते टक लावून बघायचे.

कोपऱ्यावर फुलांची टपरी होती. तिथेच त्यांना अनंत सापडला. तिकडचे लोक त्याला जाईच्या नावाने विकतात, हिरव्या पानात बांधलेल्या छोट्या जुड्या करून. पप्पांनी जुडी नाकाशी धरली आणि फुलवाल्याला शुद्ध मराठीत सांगितलं, "याला अनंत म्हणतात." फुलवाल्याने मान डोलावली. त्या दिवसापासून आमच्या टेबलावर पाण्याच्या ग्लासात कायम एक जुडी असायची. जुनी फुलं पिवळी पडली तरी पप्पा ती टाकू द्यायचे नाहीत. पिवळ्या अनंताला जास्त वास असतो, हे त्यांचं म्हणणं. खरंच असतो.

माझं काम दुपारी संपायचं, की आम्ही भटकायला मोकळे. बसने जायचं, ड्रायव्हरच्या आरशाभोवतीची नक्षी आणि झालरी बघत. जुन्या बंदराकडे लाल विटांची गोदामं आहेत, त्यात आता हॉटेलं आणि ऑफिसं. पण धक्क्यावरच्या जुन्या क्रेन त्यांनी तशाच ठेवल्यात, रंग देऊन, ओळीने. पप्पांची सगळी नोकरी मुंबईच्या गोदीत कारकुनीत गेली. एका क्रेनखाली ते बराच वेळ मान वर करून उभे राहिले. "काम संपलं म्हणून काढून नाही टाकलं यांनी," ते म्हणाले. पाण्यावर ऊन होतं, नदी कोकणातल्या खाडीसारखी मातकट, आणि पप्पांच्या चेहऱ्यावर मला कित्येक दिवसांनी कौतुक दिसलं.

हे कौतुक मग वाढतच गेलं. रविवारच्या जुन्या बाजारात दगडी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पथाऱ्या लागायच्या: निळ्याहिरव्या काचेच्या सोड्याच्या बाटल्या, दाराच्या मुठी, कुणाकुणाच्या लग्नातले चांदीचे चमचे. चौकात ऐंशीच्या घरातली एक जोडी टँगो नाचत होती. बाईंचा हात आजोबांच्या मानेवर, डोळे मिटलेले, पाऊल मात्र कुठे चुकत नव्हतं. पप्पांनी त्यांच्यापुढच्या टोपीत पैसे टाकले, आणि मग तिथून हलायलाच तयार होईनात.

जेवणाचे तेवढे हाल. पप्पांची भूक साडेसातला लागते, आणि त्या शहरात साडेसातला रेस्टॉरंटवाले खुर्च्याही मांडत नाहीत. रात्री दहाला पोरंबाळं घेऊन माणसं जेवायला निघतात. आम्ही मधल्या वेळात आइस्क्रीम खायचो. तिथे आटवलेल्या दुधाचं खरपूस तपकिरी गोड मिळतं, सगळ्यात घालतात. पप्पांना शुगर, म्हणून कप एकच आणि चमचे दोन. "बासुंदी तळाला लागली की असं होतं," असं नाक मुरडून ते माझ्यापेक्षा जास्त खायचे.

एका दुपारी आम्ही तिथली मोठी स्मशानभूमी बघायला गेलो. थडगी कसली, संगमरवरी घरंच ती. गल्ल्या, कोपरे, दारं, दाराला काच, काचेआड पडदा. उन्हात मांजरं पसरलेली. पप्पा एकेका दारावरचं नाव वाचत चालले होते. टोरांटोत मम्मीच्या कबरीच्या दगडावर त्या वेळी बर्फ असणार, हे आम्हा दोघांच्याही मनात आलं असावं. "यांचा पत्ता नाही बदलला," पप्पा एवढंच म्हणाले. मी त्यांचा हात धरला. लहानपणानंतर पहिल्यांदाच असा चारचौघांत धरला असेल, आणि मला बरं वाटलं.

आणि ते मोठं नाट्यगृह. लाल मखमल, सोनेरी सज्जे, वर रंगवलेला घुमट. दाखवणारी मुलगी म्हणाली की इथे कुजबुजलेलं शेवटच्या रांगेत ऐकू जातं, कुणी एक ओळ गाऊन बघता का? मी पप्पांना कोपराने ढोसलं. ते एक पाऊल पुढे झाले आणि म्हणाले, "सॉरी, थ्रोट इज बॅड." मग ब्राझीलच्या एका बाईने काहीतरी गायलं, छान गायलं, आणि मी त्या बिचारीवर उगाचच चिडले.

राकेल मात्र आमचा पिच्छा सोडत नव्हती. एका शनिवारी, आमच्या शब्बाथच्या म्हणजे विश्रांतीच्या दिवशी, तिने दार ठोठावलं. "आज संध्याकाळी माझ्याकडे या," तिने मला सांगितलं. "शब्बाथला निरोप द्यायचा, थोडी वाइन, थोडं खाणं. तुझ्या वडिलांना नाही म्हणू देऊ नकोस." मला वाटलं पप्पा नाहीच म्हणतील. पण त्यांनी इस्त्रीचा शर्ट काढला आणि अनंताची ताजी जुडी घेतली. "रिकाम्या हाताने जायचं नाही कुणाकडे," ते म्हणाले.

दारात पोचताच पप्पांनी बूट काढले. आपल्याकडे काढतात, कॅनडातही काढतात, तेव्हा त्यात विचार करण्यासारखं काही आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं. राकेल घाबरून म्हणाली, "पाय दुखतायत का त्यांचे? खुर्ची आणू?" आत सात-आठ शेजारी, सगळे बूट घातलेले, आणि मधे मोज्यांवर पप्पा, हातात फुलं. मीही मग माझे काढले. बाप मोज्यांवर उभा असताना लेकीने कशाला ऐटीत राहावं?

बाहेर अंधार पडायला लागला तेव्हा राकेलने पिळाची मेणबत्ती पेटवली. या विधीत वाइन असते, ज्योत असते आणि एक सुवास असतो. निघालेला शब्बाथ मनात राहावा म्हणून तो सगळ्यांनी हुंगायचा. तिच्याकडे लवंगांची चांदीची डबी होती. पण तिने डबी बाजूला ठेवली आणि पप्पांनी आणलेला अनंत फिरवला. फूल हातोहात गेलं, प्रत्येकाने डोळे मिटून वास घेतला. मेणबत्ती वाइनमध्ये विझली, धुराची रेघ उठली, आणि त्यांनी गाणं सुरू केलं.

एलियाहू हन्नाबी. शब्द तेच. आमच्या बेसमेंटमधले, रेवदंड्याचे, मम्मीचे. चाल मात्र त्यांची, युरोपातून आलेली, संथ, थोडी रडवी. ती चाल पप्पांनी आधी ऐकली नव्हती असं नाही. टोरांटोत ऐकली होती, सोडून दिली होती. त्या दिवशी पहिली फेरी होईपर्यंत ते टेबलाच्या कडेकडे बघत राहिले. दुसऱ्या फेरीला त्यांच्या कपाळाला आठी पडली. तिसरीला त्यांनी हात वर केला, वर्गात मास्तर करतात तसा.

"नो," पप्पा म्हणाले. "नॉट लाइक धिस."

सगळे थांबले. माझं तर लाजेने पाणी पाणी व्हायची वेळ आली. ज्यांच्या घरी जेवायला आलो त्यांचीच प्रार्थना चुकीची ठरवायची, हे आमच्याच घरात होऊ शकतं. मी राकेलला सॉरी म्हणायला तोंड उघडलं, आणि पप्पा गायला लागले.

आवाज आधी फुटला. जाळीचं दार सरकताना खडखडतं तसा खरखरला. मग लागला. आमच्या चालीत टाळी आहे, ती त्यांनी मांडीवर धरली. मला पुढचं नीट दिसलं नाही, डोळे भरून आले होते, पण ऐकू सगळं आलं. दुसऱ्या कडव्याला राकेलने टाळी धरली. तिसऱ्याला तिच्या शेजाऱ्यांनी धरली, आणि जिथे गाणं उचललं जातं तिथे मी साथ दिली, आणि जरा घसरले. पप्पांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. इतकं बरं वाटलं मला ते वटारणं.

संपल्यावर पप्पांनी दोन्ही हात जोडल्यासारखे पुढे केले. आमच्यात याला हातबोशी म्हणतात: समोरच्याने आपल्या हातांत ते हात घ्यायचे, आणि मग दोघांनी आपापली बोटं ओठांना लावायची. राकेलला हे कुठून माहीत असणार? तिने त्यांचे दोन्ही हात धरले आणि त्यांच्या गालावर मुका घेतला. मग तिच्यामागे उभ्या असलेल्या आजोबांनी घेतला. मग रांगच लागली. मोज्यांवर उभे असलेले आमचे पप्पा कानापर्यंत लाल झाले होते, पण गाल पुढे करत होते.

दुसऱ्या दिवशी मी पोहे शोधायला निघाले. चिनी वस्तीत गेले, मोठ्या बाजारात गेले, तांदूळ शंभर तऱ्हेचे, पोहे नाहीत. दमून परत आले तर आमच्याच इमारतीखालच्या धान्याच्या दुकानात, काचेच्या बरणीत, तांदळाचे चपटे पोहे. काखेत कळसा न् गावाला वळसा. "कशाला गं पोहे?" पप्पांनी विचारलं. "मलिदा करायचाय," मी म्हटलं. "का?" नाही, "कशाचा?" नाही. त्यांनी गुपचूप नारळ घेतला आणि गच्चीच्या कठड्यावर एका फटक्यात फोडला.

गच्चीवर दोऱ्यांना कुणाकुणाच्या चादरी वाळत होत्या, त्यांच्यामधे आम्ही ताट मांडलं. राकेलने गुलाब आणला, शेजाऱ्यांनी फळं. सब्जा नव्हता, म्हणून अनंत. चादरी फुगत होत्या, खालून जॅकरांडाचे जांभळे शेंडे दिसत होते, आणि पप्पा गात होते, अख्खं, एकही कडवं न गाळता. नवस फिटला. मी मनातल्या मनात मम्मीला तसं कळवलं. राकेलने दुसऱ्यांदा पोहे घेतले आणि म्हणाली की तिच्या आजीच्या गावी हे कुणाला सुचलं नाही, हे त्यांचं दुर्दैव. इतकं सुंदर शहर मी पुन्हा बघितलं नाही. बघितलं असेल, तर त्यात पप्पा गात नव्हते.

नंतर टोरांटो, बर्फ, शोव्हल करणं, विंटर टायर, पुन्हा उन्हाळा, पुन्हा बर्फ. राकेलचे फोन सुरुवातीला यायचे, मग कमी झाले, मग एकदा तिच्या शेजाऱ्याचा आला, आणि आम्ही समजलो. त्या इमारतीत जायला आता आमच्याकडे दारच उरलं नाही. पप्पा मात्र गातात. बेसमेंटमध्ये पोरं म्हणतात, "अंकल, शॉर्ट व्हर्जन प्लीज," आणि पप्पा त्यांना पहिल्यापासून म्हणायला लावतात.

परवा दुकानातून घरी येताना गाडीत हीटर लावलेला होता, आणि त्या एका फुलाच्या वासाने सगळी गाडी भरली होती. मला वाटलं, आता सांगायला काय हरकत आहे? सिग्नलला थांबलो तेव्हा मी म्हटलं, "पप्पा, तो मलिदा मम्मीच्या नवसाचा होता. तुम्ही पुन्हा गायला लागावं म्हणून ती बोलली होती. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून मला बजावलं होतं."

"माहीत आहे," पप्पा म्हणाले. "मलाही सांगितलं होतं तिने. तुला सांगितलंय, असंही सांगितलं होतं. तिच्या पोटात कधी काही राहिलंय?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मागच्या गाडीने हॉर्न दिला. मी गाडी पुढे काढली आणि विचारलं, "मग इतके महिने गायला का नाहीत?"

"नवस फिटला असता," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "तिचं एवढंच एक काम राहिलं होतं गं घरात. ते होईपर्यंत ती कुठे जात नव्हती."

वायपर काचेवरचं पाणी ओढत होते. आमची गल्ली आली, बेसमेंटचं पार्किंग आलं, मी गाडी लावली आणि इंजिन बंद केलं.

"मग तिथे का गायलात?"

"चाल चुकत होती त्यांची."

"ती चाल तुम्ही आधीही ऐकली होती, पप्पा."

"ऐकली होती की," पप्पा म्हणाले. "पण तेव्हा चूक काढायला ती होती."